दगड, एक

भिलवडीला उतरून पुढे वडाप.
वडापवाला म्हणाला, भोयांच्यात कोण जातं ओ एवढ्या सकाळी,
मासे तर संध्याकाळी नाक्यावर येत्यात की.
मी पितळी वजनांची पेटी मांडीवर घेतली.
सरकारी वजनं अशीच न्यायची असतात,
दुसऱ्याचं तान्हं नेतात तशी.

कृष्णेचा उत्तरकाठ. पंधरा-सोळा घरं,
पत्र्यावर दगड, दगडावर टायर.
शाळेच्या कुंपणावर दोन बोटं आसाची जाळी वाळत घातलेली,
पोरं तीच वर उचलून आत शिरतात
आणि पाढे म्हणताना एखाद्याच्या केसात
खवला चमकून जातो.

काठावर काहिल पालथी.
गुऱ्हाळ मोडलं तेव्हा उमाजीनं मोलभाव करून आणलेली.
हिच्यात पयलं रस आटायचा, तो म्हणाला,
आता मी आटतोय.
उन्हं वर आली तसा लोखंडाचा वास सुटला,
खाली कुठंतरी अजून गूळ असल्यासारखा.

सुंदराक्कांनी तागडी आणली.
पारडी सरळ, दोऱ्या नव्या, पासंगाला एक बांगडी.
आणि किलोच्या जागी धोंडा.
काळा, गुळगुळीत, पोटावर पांढरी रेघ.
सासूचा हाय, त्या म्हणाल्या.
म्हापुरात भांडी गेली, शेरडं गेली, दार चौकटीसकट गेलं.
पाणी उतारल्यावर बगिटलं तर ह्यो चुलीम्होरं,
हुता तितंच. चिखलात बसल्याला.
ह्यो कुटं जातोय.

वस्ती गोळा झाली.
एका पारड्यात माझा किलो, दुसऱ्यात धोंडा.
धोंडा खाली गेला.
मी वीस ग्रॅम टाकले. मग आणखी वीस. मग पाच.
काटा उभा राहिला.
पंचेचाळीस जास्त, मी म्हणालो.
जास्त म्हंजे?
म्हणजे गिऱ्हाइकाला जास्त जातं.
कुणीतरी फिसकन हसलं.
सुंदराक्का बोटांवर वर्षं मोजू लागल्या,
लग्न, थोरला, धाकटी, पहिला पूर,
आणि मधेच थांबल्या.
सासूबी तेवडंच दीत हुती की मग.
थोड्या वेळानं: तिला ठावं आसंल.
आणि लगेच: नसंलबी.

उमाजीनं पेटीत वाकून पाहिलं.
कारखान्याची मळी सुटती, सायेब,
तवा मासं आपल्या पायानं काठाला येत्यात,
त्वांड वर करून.
कोण तोलत न्हाई. पाट्या भरायच्या, खड्ड्यात वतायच्या.
त्येचं माप हाय का हिच्यात?
पेटीत मिलिग्रॅमच्या पत्र्यांपासून पाच किलोपर्यंत
सगळं होतं.
मी झाकण लावलं.

कायदा सोपा आहे.
कमी असो, जास्त असो,
शिक्का नसलेलं वजन ते वजन नव्हे.
मी पावती फाडली: दगड, एक.
त्यांनी सही केली, आडनावासकट, रेघ न सोडता,
पेन पदराला पुसून परत दिलं.
निघताना फक्त एवढंच,
न्या. पर नदीत टाकू नगा.
का, ते विचारायचं राहिलं.
चहा झाला होता, वडाप हॉर्न देत होतं.

परतताना पेटी जड झाली.
पितळेच्या रांगेत धोंडा मावेना,
म्हणून तो पिशवीत, पिशवी पायांत,
आणि प्रत्येक खड्ड्याला घोट्यावर टक.
शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो.
ऊस, ऊस, एक विहीर, ऊस.

आता तो सांगलीच्या कचेरीत,
लोखंडी कपाटात खालच्या फळीवर आहे.
पावसाळ्यात कपाट उघडलं की ओल येते,
तिला वास असतो.
शिपाई आबदागिरे म्हणतो, टाकून द्या की साहेब.
दर मार्चला जप्त मालाची यादी करावी लागते.
अनुक्रमांक, तपशील, नग.
शेवटचा रकाना वजनाचा.

अकरा मार्च झाले.
मी तिथं दर वेळी
एक किलो लिहितो.